दोन्ही एकदम न्यायच्या नाहीत

ड्रिलची बॅटरी तापली की नाखवा ती गालाला लावून बघायचे. डोळे मिटून, सावकाश, दाढीचे पांढरे खुंट तिच्यावर टेकवून. मग ती ड्रिलमधून काढून सावलीत फडक्यावर ठेवायचे आणि स्वतः शेजारी बसून राहायचे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो, नाहीतर मी. "दमली हाय," एवढंच सांगायचे. बॅटरी संपली, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर ते तोंड फिरवायचे.

माझं पनवेलला पडद्यांचं दुकान आहे. पडदे, ब्लाइंड्स, कपडे वाळत घालायचे दोरीवरचे हँगर, कबुतरांसाठी जाळी. म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडून जे काही टांगतात ते सगळं आम्ही करतो. एका शिलाई मशीनवर सुरुवात केली, ती मशीनसुद्धा जुनी आणि भाव पाडून घेतलेली. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला सोडलं नाही. आवाज मोठा आहे, राग लवकर येतो. भिवंडीचा कापडवाला फोनवर माझा आवाज ऐकला की आधी एक उसासा टाकतो, मग बोलतो. हे मिरवायला सांगत नाही. नाखवांनी माझं जे केलं ते कळायचं तर हे माहीत असायला हवं.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याकडे होडी नव्हती. कधीकाळी उरणजवळ करंजाला होती, मग विकली, आणि पनवेलला खाडीकडच्या कोळीवाड्यात भाड्याच्या खोलीत राहायला आले, एवढंच मला ठाऊक. साठीला टेकले होते. दुकानात सगळे मला मॅडम म्हणायचे, ते एकटे "बाय" म्हणायचे. मीही त्यांना नाखवा म्हणू लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीने. हलत्या होडीवर उभं राहून इंजिन खोलण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शिडीवर माणूस ढळायचा नाही. बाथरूमच्या टाइलवर भोक पाडताना टाइलचा टवका उडू न देणारा फिटर शोधायला मला वर्षं लागली होती. तो मिळाला, पण सोबत हे सगळं घेऊन आला.

हे सगळं म्हणजे काय, ते सांगते. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावायची नाही. ड्रिलचा आवाज बसू लागला की थांबायचं, शेवटचा थेंब काढायचा नाही. सुट्टी असेल तेव्हा ती पूर्ण भरून ठेवायची नाही, अर्धी ठेवायची. तिच्या पितळी पट्ट्या रोज कोरड्या फडक्याने पुसायच्या, कारण खारा वारा. लावली की शेजारी बसायचं, लावून झोपायचं नाही. ड्रिल जिथे घेतला त्या दुकानदाराला मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, म्हातारा बरोबर करतोय, तुमची बॅटरी चालेल. ठीक. पण त्याला मी पुढचं सांगितलं नव्हतं. नाखवा बॅटरी भरतीला लावायचे. खाडीला पाणी चढायला लागलं की चार्जर चालू, ओहोटी लागली की बंद, दिवा हिरवा झालेला असो वा नसो. दुकानात उद्याच्या कामाचं बोलणं चाललेलं असताना मध्येच उठायचे. कुठे निघालात, विचारलं की म्हणायचे, पानी लागलं. मी त्यांना सांगून थकले की वीज खांबावरून येते, खाडीतून येत नाही. ते माझ्याकडे असं बघायचे की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे. "तुमी पडद्यांचं बघा, बाय," म्हणायचे.

इथवर मी चालवून घेतलं. माणसाचं काम चांगलं असेल तर त्याचे चाळे चालवून घ्यावे लागतात, ती किमतीतलीच गोष्ट. पण दोन बॅटऱ्यांची गोष्ट मला कधीच पचली नाही.

ड्रिलबरोबर पेटीत दोन बॅटऱ्या आल्या होत्या. दोन असतात त्या याचसाठी की एक थकली तर दुसरी लावावी. नाखवा साईटवर एकच आणायचे. दुसरी कुठाय? घरी. का? घरी. पहिल्यांदा मला वाटलं विसरले. दुसऱ्यांदा वाटलं, दुसरी कुणाला तरी भाड्याने देत असतील. मी बाजारातली बाई आहे, मला आधी तेच सुचणार. एका दुपारी त्यांना तळोज्याच्या कामावर पाठवलं आणि न सांगता त्यांच्या घरी गेले.

दारात दोघी बसल्या होत्या, मासळी साफ करत. एकीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्या नाखवांच्या बायको. दुसरीचे हात मोकळे होते. ती त्यांची वहिनी, थोरल्या भावाची बायको. मी ड्रिलची बॅटरी बघायला आलेय म्हटल्यावर दोघींपैकी कोणालाही नवल वाटलं नाही. वहिनीने आत बोट दाखवलं. भिंतीतल्या फळीवर, घडी घातलेल्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर बॅटरी होती. धूळ नाही, काही नाही. भाड्याने गेल्याची एक खूण नाही. खोटं पकडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं म्हणून मी जास्तच तापून परतले.

संध्याकाळी त्यांना उभं करून विचारलं, म्हणजे आरडाओरडाच केला. "दोनी एकदम नाय न्यायच्या," म्हणाले. "एक घरा रवली पायजे."

एक घरी का राहिली पाहिजे, ते सांगितलं नाही. मीही तिसरी बॅटरी घेतली नाही. एका म्हाताऱ्याच्या लहरीसाठी मी का म्हणून खर्च करू? दोन पुरतात. जगाला दोन पुरतात.

मग उलव्याचा टॉवर आला.

विमानतळाच्या बाजूला नवा टॉवर तयार झाला होता. फ्लॅट घेणाऱ्यांनी आपली कमिटी केली होती आणि पडद्यांचे रॉड, हँगर, जाळ्या असं सगळं एकाच दुकानदाराकडून करून घ्यायचं ठरवलं होतं. पूर्ण टॉवर एकाला. हे काम मिळालं तर मी भाड्याचं दुकान सोडून स्वतःचा गाळा घेऊ शकणार होते. इतकी वर्षं दर करारनाम्याला मालकापुढे उभी राहून मी कंटाळले होते. कमिटीचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते, शर्टाच्या खिशात दोन पेनं, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्या माणसाशी भाव करणं सगळ्यात कठीण. त्यांच्याशी मी आठवडाभर घासाघीस करत होते. शेवटी त्यांनी अट घातली. आधी एक नमुन्याचा फ्लॅट एका दिवसात पूर्ण करून दाखवा, तो कमिटीला दाखवू, मग पुढे बघू.

फ्लॅटला अजून मीटर बसले नव्हते. तात्पुरती वीज फक्त लिफ्टला. म्हणजे जे काय ते बॅटरीवर. त्यात सगळ्या भिंती सरसकट काँक्रीटच्या, विटेची एक नाही. मी आदल्या दिवशी नाखवांना बजावलं, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, की उद्या दोन्ही आणा. ते काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे हो, असं मी धरलं.

ते एकच घेऊन आले.

हॉलचा रॉड झाला. बेडरूमचा एक झाला. दुसऱ्या बेडरूमला अर्धा रॉड लटकत असताना ड्रिलचा आवाज बसला. नाखवांनी बॅटरी काढली, गालाला लावली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मी म्हटलं, घरी फोन करा, कोणालातरी रिक्षाने पाठवायला सांगा, रिक्षाचं मी बघते. ते म्हणाले, तसं नाय होत. ही घरा पोचल्याबिगर ती निघनार नाय. आणि खरंच पिशवी उचलून, शिडी तशीच ठेवून, ते लिफ्टने खाली गेले, पनवेलला जाऊन ही ठेवायला आणि ती आणायला. ते परत आले तेव्हा सेक्रेटरी येऊन, अर्धा लटकता रॉड बघून, "ठीक आहे मॅडम, बघू आपण," म्हणून गेले होते. फ्लॅट दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला.

काम संपल्यावर त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी नाखवांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसला. नाखवांनी सगळं ऐकून घेतलं, ड्रिल पेटीत ठेवला, पेटी माझ्या पायाशी ठेवली आणि निघून गेले. त्यानंतर कामावर आले नाहीत.

काम हातचं गेलं असं मी धरून चालले होते. पण सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून परत सेक्रेटरींकडे गेले. ते हळू आवाजात म्हणाले, वेळ चुकली हे खरं, पण कमिटीने फ्लॅट बघितला, एका टाइलला टवका नाही, एक रॉड वाकडा नाही. टॉवर तुम्हाला देऊ. "मात्र काम त्याच माणसाने केलं पाहिजे. दुसरा फिटर आला तर मी ऑर्डर रद्द करणार."

म्हणजे माझा गाळा आता नाखवांच्या हातात होता, आणि नाखवा रुसून घरी बसले होते.

मी पुन्हा कोळीवाड्यात गेले. या वेळी रोजंदारी वाढवून द्यायची तयारी करून, तरी मनात खालचा आकडा धरून. नाखवा घरात नव्हते, खाडीवर गेले होते. वहिनी दारात सुकवलेला बारीक जवळा निवडत बसल्या होत्या. बस, म्हणाल्या. मी बसले आणि माझी सगळी तक्रार त्यांच्यापुढे ओतली. दोन बॅटऱ्या असताना एक घरी ठेवणारा माणूस मी आजवर बघितला नाही, असंही म्हटलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं, जवळा निवडत निवडतच. त्यांच्या घरात दोन भाऊ कधी एका होडीवर जात नसत. सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत. एक गेला की दुसरा किनाऱ्यावर, तो परत आला की मग दुसऱ्याने निघायचं. जो किनाऱ्यावर राहतो त्याने दोघांची घरं बघायची. एका खेपेला थोरला भाऊ गेला आणि वाऱ्यात होडी आली नाही. नाखवा किनाऱ्यावर होते. "त्या दिवसापासून भावजी पान्यात उतरलं नाय," वहिनी म्हणाल्या. "जातील तर मागं कोन हाय?" ज्या दुसऱ्या होडीवर ते स्वतः जायचे ती विकली, बायकोला, वहिनीला आणि भावाच्या मुलीला घेऊन पनवेलला आले. मुलगी मोठी केली, उरणला दिली. स्वतःला मूल नव्हतं.

मला आधी रागच आला. एवढं होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?

नाखवा आले. माझ्याकडे बघितलं आणि पाय धुतले. मी रोजंदारी वाढवून देते म्हटलं, ते पाय पुसत राहिले. आणखी वाढवलं, तरी पुसतच राहिले. मग मी म्हटलं, तिसरी बॅटरी आणते. त्यावर त्यांनी मान डोलावली, म्हणाले, चालंल, तीन भाऊ असले तर दोन जातात. मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मग म्हणाले, "आनि एक. तुमी नि मी एका साईटवर नाय. मी टावरवर, तुमी दुकानात."

वहिनींचा हात जवळ्यात थांबला. त्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते बघणं मी तेव्हा टिपलं, त्याचा अर्थ लावला नाही. मला वाटलं, पार्किंगमधल्या शिव्यांचा हा सूड. माझी साईट आणि मी जायचं नाही. एकेक खिडकी मी स्वतः मापते, माझा कोणावर विश्वास नाही. मी भाव करू लागले. एक दिवसाआड येते. नको. फक्त मापं घ्यायला येते. नको. बरं, खाली पार्किंगमध्ये थांबते, वर येत नाही.

"एक घरा रवली पायजे," ते म्हणाले आणि आत गेले.

टॉवर हवा होता. मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात मी ज्या सौद्यात काहीच उतरवू शकले नाही तो हा एक.

त्यानंतरचे दिवस मी दुकानात काढले. माझ्या हातचं सगळ्यात मोठं काम चालू होतं आणि मला ते दिसत नव्हतं. संध्याकाळी नाखवा दुकानाच्या पायरीवर उभे राहून सांगायचे, आज कुठवर झालं, कुठल्या घराच्या खिडकीला सूर्य डोळ्यांत येतो म्हणून जाड कापड लागेल, कुठल्या घरात म्हातारी आहे म्हणून हँगरची दोरी खाली घ्यायला हवी. वरून करंजाकडचा डोंगर दिसतो, असंही एकदा म्हणाले. मी खाली बसून कपाटाचा खण आवरत होते, नुसतं हं म्हटलं. ते आत कधी येऊन बसले नाहीत, आणि मी बसा म्हटलं नाही. मी रागावलेली होते आणि मला तो राग सोडायचा नव्हता.

टॉवर संपत आला होता. एका दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. नाखवा शिडीवरून उतरले, छातीत दुखतंय म्हणाले, खिडकीखाली भिंतीला टेकून बसले. लोकांनी लिफ्टने खाली आणलं, हॉस्पिटलला नेलं. मी पोचले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिडीवरून पडले असते तर मी कुणावर तरी ओरडू शकले असते. तसंही झालं नाही.

उरलेलं काम टॉवरवर त्यांच्या हाताखाली दिलेल्या कारागिराने केलं. सेक्रेटरींनी ऑर्डर रद्द केली नाही. शेवटचे दोन रॉड किंचित वाकडे आहेत, मी बघितलेत, ते काही बोलले नाहीत. मी गाळा घेतला.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी नव्या दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. मला वाटलं काही मागायला आल्या असतील. मी मनात आकडा धरला, माझ्या सवयीने. त्यांनी काही मागितलं नाही. म्हणाल्या, खोलीचा मालक खोली सोडा म्हणतोय, तिथे इमारत उठणार आहे, आम्ही दोघी बाया कुठे जाणार, उद्या येऊन त्याच्याशी बोला.

मी विचारलं, मी का?

"तुमी रवलात ना," त्या म्हणाल्या.

मी चिडले. मी कुणाला शब्द दिला नव्हता, मला कुणी विचारलं नव्हतं, मी त्यांच्या भावकीतली नाही, माझं त्यांच्याशी नातं काय, असं सगळं बोलले. वहिनींनी ऐकून घेतलं, नाखवा ऐकायचे तसंच. मग म्हणाल्या, शब्द कुणी देत नाही. किनाऱ्यावर जो असतो तो असतो. त्या दिवशी भावजींनी तुम्हाला दुकानात राहायला सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं, तुम्हाला नाही कळलं?

दुसऱ्या दिवशी मी गेले. खोलीचा मालक मुरलेला होता, पण मीही आहे. मी पार्किंगमधला आवाज काढला. नव्या इमारतीत त्या दोघींना खोली आणि तोवरची राहायची सोय, दोन्ही कबूल करून घेऊनच उठले. त्यानंतर वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांशी मी बोलले. नाखवांच्या बायकोच्या गुडघ्याचं आता चाललंय. दर महिन्याला काही ना काही निघतं आणि माझ्याकडे निरोप येतो. मी दर वेळी चिडते, आणि जाते.

लोक म्हणतात, तुम्ही किती चांगल्या. मी चांगली नाही. मला नाखवांचा राग आहे आणि तो जायचा नाही. जुन्या दुकानाच्या त्या पायरीवर उभं राहून त्यांनी माझे सौदे वर्षानुवर्षं ऐकले होते. मी कुठे नमते, कुठे नाही, कुठल्या आकड्याला उठून जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.